कंपन्यांचा टॅक्स, पक्षांच्या देणग्या आणि आपण : नाशिकमधून एक मसुदा काढूया का?

अंबडकर

अंबड एमआयडीसीत माझं नि भावाचं वर्कशॉप आहे, भागीदारी फर्म. आमच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. ज्या मोठ्या कंपन्यांना आम्ही पार्ट पुरवतो त्यांनी बाकीच्या सवलती सोडल्या की त्यांचा दर २२ टक्के, सरचार्ज नि सेस धरून २५.१७. हजारो कोटींच्या उलाढालीवाल्यापेक्षा दोन सीएनसी नि एक व्हीएमसी अशी तीन मशीनं असलेल्या फर्मचा दर जास्त, आणि हे २०१९ पासून असंच चालू आहे.

२० सप्टेंबर २०१९ आठवून बघा. शुक्रवार होता. सकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी घोषणा केली, अध्यादेश निघाला, कंपन्यांचा दर २२ वर आला, नवीन कारखाना काढणाऱ्या कंपनीला तर १५. सेन्सेक्स एका दिवसात १९०० अंकांच्या वर उसळला. सरकारनेच सांगितलं की वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडतोय. लोकसभेत चर्चा झाली ती डिसेंबरात, तोवर दर लागू होऊन गेला होता. भागीदारी फर्म आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) यांना त्यातलं काहीच मिळालं नाही. का नाही मिळालं याचं माझं उत्तर सरळ आहे, आमच्या वतीने दिल्लीत बोलणारं कोणी नव्हतं.

आता दुसरी बाजू. कंपनीने राजकीय पक्षाला किती द्यावं याला पूर्वी मर्यादा होती, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के. २०१७ ला ती काढली आणि कोणत्या पक्षाला दिले हे ताळेबंदात सांगायची अट पण काढली. मग इलेक्टोरल बाँड आले, म्हणजे बँकेतून विकत घेऊन नाव जाहीर न करता पक्षाला द्यायचे रोखे. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवले तोपर्यंत साधारण १६,५१८ कोटींचे बाँड विकले गेले होते. अमुक कंपनीने देणगी दिली म्हणून तमुक टॅक्स कमी झाला असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि पुराव्याशिवाय बोलू पण नये. पण दर ठरवणाऱ्या पक्षांना पैसे कोण देतं हे सहा वर्षं मतदाराला कळूच दिलं नाही, आणि त्याच सहा वर्षांत कंपनी टॅक्समधली एवढी मोठी कपात झाली, या दोन गोष्टी एकत्र ठेवून प्रश्न विचारायचा हक्क तर आपल्याला आहे ना.

२०१८ ला महापालिकेने घरपट्टी वाढवली, मोकळ्या जागांवर नि शहर हद्दीतल्या शेतीवर कर लावला, तेव्हा अख्खं नाशिक उठलं होतं. मोर्चे निघाले, महासभा गाजली, आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठरावापर्यंत गोष्ट गेली आणि नोव्हेंबरात त्यांची बदली झाली. कोण बरोबर कोण चूक ते सोडा. नाशिककर करावर बोलतो हे तेव्हा दिसलं. मग १ लाख ४५ हजार कोटींवर आपण एक शब्द का बोलू नये?

माझ्या डोक्यात तीन मागण्या आहेत. लहान फर्मला कंपनीइतकाच दर. सरकारी ठेका किंवा सबसिडी घेणाऱ्याला पक्षाला देणगी द्यायला बंदी. आणि बजेटच्या आधी अर्थखात्याला कोण कोण भेटलं, काय मागितलं, ते जाहीर करणं. यात भर घाला, खोडा, जे चूक वाटेल ते सांगा. नीट मसुदा झाला तर सह्या घेऊन पुढे नेऊ.

कॉलेजरोड

+१. पण टॅक्स नि देणग्या दोन वेगळे विषय आहेत, एकत्र केले तर दोन्ही अर्धवट राहतील असं वाटतं.

अंबडकर

@कॉलेजरोड वेगळे करून बघितले. नुसता दर कमी करा म्हटलं तर ती एका धंदेवाल्याची मागणी होते. नुसतं देणग्या उघड करा म्हटलं तर लोक म्हणतात आम्हाला काय त्याचं. दोन्ही जोडलं की माणसाला कळतं, त्याच्या खिशातून जाणाऱ्या पैशाचा निर्णय कोणाचं ऐकून होतो.

सीए गंगापूर रोड

धागा चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

३१.२ विरुद्ध २५.१७ हे आकडे बरोबर. पण तुलना इथेच थांबवली तर दिल्लीतला कोणीही जाणकार पहिलं पान वाचून कागद बाजूला ठेवेल. फर्मने टॅक्स भरला की उरलेला नफा भागीदाराच्या हातात करमुक्त असतो. कंपनीत तसं नाही, २०२० पासून डिव्हिडंडवर भागधारकाला आपल्या स्लॅबप्रमाणे पुन्हा टॅक्स आहे. सगळा नफा घरी न्यायचा असेल तर बऱ्याचदा फर्मच स्वस्त पडते. शिवाय भागीदारांचा पगार ठरलेल्या मर्यादेत खर्च म्हणून वजा होतो आणि ती मर्यादा अलीकडे वाढलीय, पहिल्या ६ लाख बुक प्रॉफिटवर (भागीदारांचे पगार वजा करण्याआधीचा नफा) ३ लाख किंवा ९० टक्के यातलं जे जास्त ते, पुढच्या नफ्यावर ६० टक्के.

मग अन्याय आहे कुठे? नफा धंद्यातच ठेवायचा असतो तिथे. समजा भागीदारांचे पगार वजा जाऊन २० लाख उरले आणि त्यातून नवीन मशीनचं डाउन पेमेंट करायचंय. फर्मला टॅक्स ६ लाख २४ हजार. कंपनीला ५ लाख ३ हजारांच्या आसपास. १ लाख २१ हजारांचा फरक, आणि तो दर वर्षी. उत्पन्न १ कोटीच्या वर गेलं की फर्मला १२ टक्के सरचार्ज लागतो, दर जातो ३४.९४ वर.

अजून एक गोष्ट कोणी बोलत नाही. एकट्या मालकाचं वर्कशॉप असेल, प्रोप्रायटरी, तर २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत त्याला टॅक्स शून्य. तोच धंदा दोन भावांनी फर्म करून चालवला तर फर्मला स्लॅबच नाही, पहिल्या रुपयापासून ३० टक्के. हे कोणालाही दोन मिनिटांत पटतं. मसुद्यात हे वर घ्या.

मागणी अशी लिहा असं सुचवतो : फर्ममध्ये राहिलेला आणि यंत्रसामग्रीत घातलेला नफा असेल त्यावर २२ टक्के. सरसकट दर उतरवा म्हणालात तर मोठमोठ्या बिल्डरांच्या नि सल्लागारांच्या एलएलपी पण त्याच दाराने आत येतील. आणि कलमांचे नंबर लिहू नका, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात आकडे वेगळे आहेत. आशय लिहा.

मदर इंडस्ट्री हवी

मी २०१९ च्या निर्णयाच्या बाजूने आहे आणि ते इथे स्पष्ट लिहितो. व्हिएतनाम २० टक्के, थायलंड २० टक्के, सिंगापूर १७. आपण ३० वर बसून राहिलो असतो तर कारखाना इकडे कोणी काढला असता? नाशिकला गेली कित्येक वर्षं नवीन मदर इंडस्ट्री, म्हणजे वेंडरना काम देणारा मोठा कारखाना, नाही म्हणून आपणच ओरडतो, सातपूर अंबडचे निम्मे वेंडर दोन-चार कंपन्यांच्या ऑर्डरवर जगतात. मोठ्यावर टॅक्स वाढवा म्हणायचं आणि मोठा कारखाना पण मागायचा हे जमत नाही. अंबडकर, तुम्ही दर खाली आणायला सांगताय तिथे माझा पाठिंबा. कंपन्यांचा वर न्या असं कोणी म्हणणार असेल तर माझी सही नाही.

आणि प्रायव्हेट लिमिटेड करून घ्या ना, अडवलंय कोणी?

अंबडकर

करता येतं, पण काय काय लागतं ते बघा. उलाढाल कितीही असो दर वर्षी ऑडिट, कंपनी निबंधकाकडची (आरओसी) फायलिंग, प्लॉट फर्मच्या नावावर आहे तो कंपनीच्या नावावर करायला एमआयडीसीची परवानगी, बँकेचे कर्जाचे कागद नव्याने, जीएसटी नंबर नवा, ग्राहकांकडे वेंडर कोड नवा. आणि १५ टक्क्यांचा दर मिळाला असता का तर तोही नाही, तो फक्त १ ऑक्टोबर २०१९ नंतर स्थापन झालेल्या आणि ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू केलेल्या कंपनीला होता, जुना धंदा मोडून काढलेली कंपनी चालत नव्हती, जुनी यंत्रं २० टक्क्यांपर्यंतच. तीस वर्षं लेथ चालवणाऱ्या माणसाला त्यात जागाच नव्हती.

कंपन्यांचा दर वाढवा असं मी म्हणत नाहीये. तुमची सही मला हवी आहे.

सातपूर कामगार

मी म्हणतो वाढवा. निदान अट तरी घाला. दर कमी केला तो नोकऱ्या वाढाव्यात म्हणून ना? सरकारच्याच २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत लिहिलंय की २०२० ते २०२३ या काळात कंपन्यांचा करपूर्व नफा जवळजवळ चौपट झाला पण भरती आणि पगारवाढ त्या मानाने झाली नाही. हे विरोधकांचं वाक्य नाही, सरकारच्या आर्थिक सल्लागारांच्या पुस्तकातलं आहे. सातपूरच्या कुठल्याही गेटवर शिफ्ट सुटताना उभं राहा आणि विचारा, परमनंट किती, कंत्राटी किती, ट्रेनी किती. माझा मुलगा आयटीआय करून ट्रेनी म्हणून लागला, मुदत संपली, दुसरीकडे पुन्हा ट्रेनी. काम तेच, मशीन तेच, बॅज वेगळा.

२०२३-२४ मध्ये कंपन्यांकडून साधारण ९ लाख ११ हजार कोटी टॅक्स आला आणि माणसांकडून १० लाख कोटींच्या वर. आधी कंपन्या जास्त भरायच्या, आता पगारदार नि छोटे धंदेवाले जास्त भरतात. ही गोष्ट घराघरात सांगितली पाहिजे.

मदर इंडस्ट्री हवी

मधे कोविड आला ते पण धरा की. २०२०-२१ मध्ये कोण भरती करणार होतं?

सातपूर कामगार

कोविड २०२३ पर्यंत नव्हता साहेब. नफा वाढायला कोविड आडवा आला नाही.

सीए गंगापूर रोड

@सातपूर कामगार, नवीन कामगार घेतला तर त्याच्या पगाराच्या ३० टक्के जादा वजावट तीन वर्षं मिळते, पगार महिना २५ हजारांपर्यंत असेल तर. २२ टक्क्यांच्या पर्यायातही ही वजावट चालू ठेवलीय. म्हणजे रोजगाराला सवलत जोडायची कल्पना कायद्यात आधीच आहे. पण मूळ दरालाच ती अट लावलेली नाही. मागणी अशी ठेवता येईल की सवलतीचा दर घेणाऱ्या कंपनीने वार्षिक अहवालात कायम, कंत्राटी आणि शिकाऊ अशी संख्या कारखान्यावार द्यावी. आधी आकडे बाहेर येऊ देत. शिक्षा, वसुली हे सगळं पहिल्याच मसुद्यात मागितलं तर कोणी वाचणार नाही.

निफाडकर

शेतकरी आहे, टॅक्समधलं फार कळत नाही पण एका रात्रीत निर्णय होतो म्हणजे काय ते आमच्याइतकं कोणाला माहीत नसेल. ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. ७ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदीच. लासलगावला लिलाव बंद पडले, मुंबई-आग्रा हायवेवर लोक आले. मे २०२४ मध्ये, मतदानाच्या तोंडावर, बंदी उठवली. कोणी विचारलं आम्हाला? आमच्यासाठी रात्रीतून बंदी आणि कंपन्यांसाठी सकाळीच अध्यादेश, दोन्हीत आधी मसुदा नाही, हरकती नाहीत, सूचना नाहीत. फरक एवढाच की त्यांना मिळालं आणि आमचं गेलं.

तुमच्या मसुद्यात हे घाला की कर असो, शुल्क असो, बंदी असो, आधी मसुदा लोकांसमोर ठेवा. तरच निफाड, चांदवड, येवल्याच्या सह्या मिळतील, नाहीतर हा एमआयडीसीवाल्यांचा कागद होईल.

कॉलेजरोड

निफाडकरांना जोडून. केंद्र सरकारचं २०१४ चं धोरणच आहे, नवीन कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा, परिणाम काय होईल ते लिहायचं, आलेल्या सूचनांचा सारांश वेबसाइटवर टाकायचा. पण ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे पाळलं नाही तरी कोणी विचारत नाही. आपण ते कायद्यात आणा एवढं मागितलं तरी पुष्कळ आहे. बजेटच्या दिवशीचे दर आधी फोडता येत नाहीत हे मान्य, साठेबाजी होईल. पण सप्टेंबरात अध्यादेशाने दर बदलतात तेव्हा ते कारण पण लागू होत नाही.

निवृत्त बँकवाला, इंदिरानगर

सर्वांचे प्रतिसाद वाचले. देणग्यांच्या इतिहासावर थोडं लिहितो, कारण आपल्याकडे हा प्रश्न २०१७ ला सुरू झाला असा समज आहे.

१९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल करायचा होता आणि ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्याप्रमाणे परवानगी दिली, पण निकालात स्पष्ट इशारा दिला की हा पैसा पुढे लोकशाहीचा गळा आवळू शकतो, संसदेने यात लक्ष घालावं. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आली. बंदीने पैसा थांबला का, तर नाही, तो रोखीत गेला. १९८५ ला पुन्हा परवानगी, सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत. २०१३ च्या कंपनी कायद्यात साडेसात. २०१७ ला मर्यादाच गेली. २०२४ च्या निकालाने ती मर्यादा परत आणली, हे बऱ्याच जणांना माहीत नाही, लोकांना वाटतं फक्त बाँड रद्द झाले. मर्यादा काढणं मनमानी आहे आणि समानतेच्या हक्काच्या विरुद्ध आहे असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने म्हटलं. नफाच नाही अशा कंपनीने कोट्यवधी देणं त्यामुळे आता बसत नाही.

मी बँकेत आयुष्य काढलं (स्टेट बँकेत नव्हे), त्यामुळे एक गोष्ट फार लागली. बाँड घेणाऱ्याचं केवायसी होत होतं, प्रत्येक बाँडवर अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात दिसणारा नंबर होता, म्हणजे माहिती बँकेकडे होती. मतदाराकडे नव्हती. कोर्टाने आकडे द्या म्हटल्यावर बाँड विकणाऱ्या स्टेट बँकेकडून ३० जूनपर्यंत मुदत मागितली गेली, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकल्यावर. ११ मार्चला कोर्टाने ती नाकारली, १४ मार्चला याद्या बाहेर आल्या आणि २१ मार्चला नंबर. मग कळलं, सर्वात मोठी खरेदीदार लॉटरीच्या धंद्यातली कंपनी, फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटी. दुसरी मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी, पायाभूत सुविधांची कामं घेणारी. दहा दिवसांत होणारं काम साडेतीन महिने लागेल असं सांगितलं गेलं होतं, हे बँकेतल्या माणसाला विसरता येत नाही.

माझी सूचना : देणगी दिल्यापासून सात दिवसांत, देणाऱ्याचं नाव, पॅनला जोडलेली समूह कंपन्यांची माहिती आणि घेणाऱ्या पक्षाचं नाव निवडणूक आयोगाच्या साइटवर.

सीए गंगापूर रोड

बँकवाले काकांना पूर्ण सहमत, एक भर. बाँड गेले तरी इलेक्टोरल ट्रस्ट आहेत, २०१३ पासून. दहा कंपन्या ट्रस्टला देतात, ट्रस्ट निदान ९५ टक्के रक्कम पक्षांना देतं. अहवालात देणारे दिसतात, घेणारे दिसतात, पण कोणाचा पैसा कोणाकडे गेला ही जोडणी दिसत नाही. सात दिवसांच्या मागणीत ट्रस्टचं नाव मुद्दाम लिहा नाहीतर सगळं तिकडे वळेल.

देणगीवर कंपनीला पूर्ण वजावट मिळते असं वर्तमानपत्रात लिहितात. ती जुन्या दराने टॅक्स भरणाऱ्या कंपनीला मिळते. २२ टक्के घेतलेल्याला मिळत नाही. त्यामुळे ‘वजावट काढा’ यात शक्ती घालवू नका, उघड करण्यावर घाला.

पंचवटीकर

सिंहस्थाचं काय? २०२७ ला कुंभ, रस्ते, घाट, पूल, मलनिस्सारण, सगळ्याची कामं निघालीत, हजारो कोटींची. ठेकेदाराने देणगी द्यायची नाही ही अंबडकरांची मागणी आपल्याकडे सगळ्यात आधी लागू व्हावी. काम मिळण्याच्या आधी दोन वर्षं आणि काम संपल्यावर दोन वर्षं. कोणावर आरोप नाही. पण गोदाकाठचा रहिवासी म्हणून मला घाटाचं टेंडर ज्याला मिळालं त्याने कोणत्या पक्षाला काय दिलं हे एका जागी बघता आलं पाहिजे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर कित्येक वर्षं प्रशासकच होते, विचारायचं तरी कोणाला?

कॉलेजरोड

अमेरिकेत केंद्र सरकारच्या ठेकेदारांना देणगीबंदी १९४० पासून आहे. फ्रान्सने १९९५ ला कंपन्यांच्या देणग्याच बंद केल्या, कॅनडाने केंद्र पातळीवर २००७ पासून. ब्रिटनमध्ये देणगी द्यायला कंपनीला भागधारकांचा ठराव लागतो. हा ब्रिटनवाला मुद्दा आपण घेऊया असं मला वाटतं, कारण आपला पीएफ २०१५ पासून ईटीएफमधून शेअर बाजारात जातो, एलआयसीचा हप्ता जातो, एसआयपी जाते. म्हणजे त्या कंपन्यांत आपला पैसा आहे आणि तो कोणत्या पक्षाला द्यायचा हे बोर्डातली दहा माणसं ठरवतात.

सिन्नरची ताई

सगळं वाचलं. मी बचत गटाचं काम करते, गावोगाव फिरते, म्हणून मनापासून एक विचारते. तुम्ही सगळे चेकने दिलेल्या पैशाबद्दल बोलताय. निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीवर जे लक्ष्मीदर्शन होतं ते कुठल्या साइटवर दिसणार? विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, लोकसभेच्या ९५ लाख, ते कोण पाळतं हे लहान पोराला पण माहीत आहे. पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. बँकवाले काकांनीच लिहिलंय ना, १९६९ ला बंदी केली आणि पैसा रोखीत गेला. मग ठेकेदाराला बंदी केल्यावर तो पण रोखीत देईल, आणि आत्ता जे थोडंफार कागदावर दिसतं ते पण दिसणार नाही. माझ्या बायका मला हे विचारतील, मी त्यांना काय सांगू?

निवृत्त बँकवाला, इंदिरानगर

ताई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वात अवघड आहे. पक्षांना पैसा लागतो हे खरं. तो स्वच्छ मार्गाने मिळाला नाही तर अस्वच्छ मार्गाने येतो. म्हणून इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्ये सरकारी मदत सुचवली होती, ती पण रोख नको, वस्तू नि सोयींच्या रूपात. तो अहवाल तसाच राहिला.

सातपूर कामगार

म्हणजे आमच्या टॅक्समधून पक्षांना द्यायचे? सपशेल विरोध.

कॉलेजरोड

थोडा हिशेब मांडतो. अमेरिकेत सिएटल शहर २०१७ च्या निवडणुकीपासून मतदारांना २५ डॉलरची चार कूपनं देतं, ज्या उमेदवाराला द्यायची त्याला द्या. आपल्याकडे २०२४ ला साधारण ९७ कोटी मतदार होते. पाच वर्षांतून एकदा प्रत्येकी १०० रुपयांचं कूपन धरलं तर ९,७०० कोटी. १,४५,००० कोटी एका वर्षात सोडता येतात तर हे पाच वर्षांत एकदा का नाही? नाशिक लोकसभेत साधारण २० लाख मतदार, म्हणजे २० कोटी. ते मिळवायला उमेदवाराला दारोदार लोकांकडे यावं लागेल.

सिन्नरची ताई

कूपन ५० रुपयाला विकत घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी वस्तीवर उभा असेल. ज्याच्या घरी तेल संपलंय तो विकेल आणि त्याला मी दोष देणार नाही. हे मसुद्यात घालू नका.

मदर इंडस्ट्री हवी

ताईंशी सहमत. आणि माझ्याकडून एक. सामूहिक प्रोत्साहन योजनेत राज्य सरकार मोठ्या प्रकल्पांना राज्य जीएसटीचा परतावा देतं. मी अशा गुंतवणुकीच्या बाजूचाच आहे, म्हणून म्हणतो, कोणत्या प्रकल्पाला किती परतावा दिला आणि बदल्यात किती लोक कामाला लागले ही यादी जिल्हावार जाहीर व्हावी. चांगला प्रकल्प असेल तर लपवायचं काय कारण? हे घातलं तर सातपूर कामगारांचं नि माझं एका कागदावर जमू शकतं.

सातपूर कामगार

जमेल. ‘कायम कामगार’ असा शब्द हवा. नुसता ‘रोजगार’ नको, त्यात सगळं खपून जातं.

निफाडकर

साखर कारखान्यांचं पण लिहा की. २०२३ च्या बजेटात सहकारी कारखान्यांच्या जुन्या टॅक्सच्या भानगडीत जवळजवळ १० हजार कोटींचा दिलासा दिला. शेतकऱ्याला दिलेला ऊसदर खर्च म्हणून धरायचा की नाही असा तो वाद होता आणि निर्णय योग्यच झाला, मी पण ऊस लावलाय. पण तो का झाला, तर साखरेचे लोक दिल्लीला जाऊन बसतात, मंत्र्यांना भेटतात, आपलं म्हणणं लावून धरतात. ऊसवाल्यांची ओळख आहे, कांदेवाल्यांची नाही. म्हणून मला भेटीगाठी जाहीर करण्याची मागणी सगळ्यात महत्त्वाची वाटते. कोण भेटलं ते कळलं की कोण भेटलं नाही ते पण कळतं.

अंबडकर

निफाडकर, तुमचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं मसुद्यात घेतो.

मी आतापर्यंतचं जमवून लिहायला घेतलंय. फर्ममध्ये ठेवलेल्या नफ्यावर २२ टक्के हे सीएंनी सांगितल्याप्रमाणे, प्रोप्रायटर नि फर्मचं उदाहरण सगळ्यात वर. सवलतीचा दर किंवा जीएसटी परतावा घेणाऱ्याने कायम, कंत्राटी, शिकाऊ अशी संख्या कारखान्यावार द्यायची. देणगी सात दिवसांत जाहीर, ट्रस्टसकट, समूह कंपन्यांसकट. देणगीला भागधारकांचा ठराव. ठेकेदाराला कामाच्या आधी-नंतर दोन वर्षं बंदी. कर, शुल्क, बंदी यांचे बजेटबाहेरचे निर्णय असतील तर ३० दिवस मसुदा. अर्थखात्याच्या बजेटपूर्व भेटींची यादी आणि मागण्या जाहीर. कूपन वगळलं.

ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण एक सुचतं, पक्षाच्या निवडणूक खर्चाला मर्यादा आणि पक्षांच्या हिशेबाची बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी. रोख खर्चच करता येणार नाही असं नाही होणार, पण हिशेबात न बसणारा खर्च उठून दिसेल. हे घालू का?

सिन्नरची ताई

घाला. पक्षांना माहिती अधिकारात आणा हे पण घाला. २०१३ ला केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात म्हणून आदेश दिला होता, एकानेही मानला नाही. माहिती अधिकारासाठी आपल्या महाराष्ट्रात मोठा झगडा झाला, आपण ते सोडलं तर कोण धरणार. आणि मसुदा मराठीत सोप्या शब्दांत हवा, मी बायकांपुढे वाचून दाखवणार आहे. ‘सरचार्ज’, ‘एलएलपी’ आलं की त्या उठून जातील.

कॉलेजरोड

कुठे द्यायचा ते बघितलं. लोकसभेची याचिका समिती असते, सार्वजनिक हिताच्या विषयावर नागरिक सभागृहाला याचिका देऊ शकतात, खासदाराने प्रतिसही करून ती मांडायची. भाषा सभ्य हवी, सह्यांबरोबर नाव-पत्ता हवा, शेवटी नेमकी मागणी हवी, आणि सोबत दुसरे कागद जोडता येत नाहीत. मराठीत दिली तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर लागतं, ते मी करतो. नाशिक आणि दिंडोरी, दोन्ही खासदारांकडे जाऊ. शिवाय अर्थखातं दरवर्षी मायगव्ह या सरकारी साइटवर बजेटसाठी सूचना मागवतं, तिथे तोच मजकूर टाकू.

कोर्टात चालू असलेला विषय याचिकेत चालत नाही, तेवढं सीएंनी एकदा तपासावं.

सीए गंगापूर रोड

तपासतो. फर्मचा परिच्छेद पण मीच लिहितो, सरचार्ज हा शब्द न वापरता, ताई म्हणतात तसा. रविवारपर्यंत इथेच टाकेन.

मदर इंडस्ट्री हवी

निमा आणि आयमा या दोन्ही उद्योजक संघटनांकडे मी बोलतो. फर्मच्या दराला त्यांची हरकत नसेल. देणग्यांवर ते सही करतील का सांगता येत नाही, त्यांच्यात मोठे सभासद पण आहेत. त्यांनी नुसता टॅक्सचा भाग घ्या म्हटलं तर काय करायचं?

अंबडकर

मग त्यांच्याशिवाय जाऊ. दोन्ही भाग एकत्रच राहतील.

निफाडकर

बरोबर. बुधवारी लासलगावला लिलावाला असतो, छापील प्रत मिळाली तर तिथेच सह्या सुरू करतो. नाव-पत्त्याचा रकाना मोठा ठेवा, गाव नि तालुका दोन्ही लिहावं लागतं.